वेस, तट आणि भुयारी रेल्वे : बीजिंगच्या सार्वजनिक वाहतुकीच्या इतिहासाचा एक पैलू

प्रस्तावना

बीजिंगच्या भुयारी रेल्वेचा दुसऱ्या क्रमांकाचा मार्ग हा जुन्या शहराला वळसा घालणारा वर्तुळमार्ग आहे. त्यावर एकूण १८ स्थानके असून त्यांपैकी ११ स्थानकांच्या नावांच्या शेवटी 'मेन' हा शब्द येतो. चिनी भाषेत 'मेन' म्हणजे दरवाजा. शहराच्या संदर्भात वेस. शीझिमेन, आनदिंगमेन, दोंगझिमेन, चाओयांगमेन, चोंगवेनमेन, श्युआनवूमेन, फुचेंगमेन अशी ही नावे गाडीत दिवसभर पुकारली जातात. परंतु प्रवासी जिना चढून वर येतो तेव्हा त्याला यांपैकी एक ठिकाण सोडल्यास कोठेही वेस दिसत नाही. दिसतो तो रुंद रस्ता, उड्डाणपूल आणि वाहनांची रांग. मुंबईतील चर्चगेट स्थानकाच्या नावातही अशीच एक नाहीशी झालेली वेस शिल्लक आहे. मात्र मुंबईत कोटाचा तट १८६० च्या दशकात पाडला गेला आणि स्थानक त्यानंतर, १८७० मध्ये आले. बीजिंगमध्ये तट आणि रेल्वे यांचा संबंध याहून निकटचा आहे. तेथे रेल्वेचा बोगदा तटाच्याच जागेतून खणला गेला.

या घटनेविषयी एक विधान वारंवार केले जाते, ते असे की भुयारी रेल्वेने बीजिंगचा तट गिळला. हे विधान कितपत खरे आहे, आणि ज्या रेल्वेसाठी हे घडले ती रेल्वे नेमकी कोणासाठी बांधली गेली होती, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. दुसरा प्रश्न वरकरणी निरर्थक वाटेल, कारण रेल्वे प्रवाशांसाठीच असते. बीजिंगच्या बाबतीत मात्र तसे गृहीत धरता येत नाही.

तटाआडचे शहर

मिंग राजवटीत पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात बीजिंगच्या अंतर्नगराचा तट आणि त्याच्या नऊ वेशी यांना अखेरचे रूप आले. १५५३ मध्ये दक्षिणेच्या बाजूने बहिर्नगराचा तट जोडला गेला. अंतर्नगराच्या तटाचा घेर सुमारे २४ किलोमीटर होता; दोन्ही मिळून तटबंदीची लांबी ४० किलोमीटरच्या आसपास भरत असे. आतून मातीचा भराव, बाहेरून विटांचे चिलखत, पायथ्याशी खंदक आणि प्रत्येक वेशीपुढे वेढा घालणारा एक संरक्षक कोट, अशी त्याची रचना होती. मुख्य वेशीवर एक मनोरा आणि समोरच्या कोटावर बाण मारण्यासाठी झरोके ठेवलेला दुसरा मनोरा, असे जोडमनोरे प्रत्येक वेशीला होते. त्यांतील झरोक्यांच्या दुसऱ्या मनोऱ्याचा उल्लेख पुढे 'बाणमनोरा' असा केला आहे.

अशा शहरात वाहतूक म्हणजे वेशींतून होणारी वाहतूक. लोकपरंपरेने नऊ वेशींना नऊ प्रकारच्या गाड्या वाटून दिल्या होत्या. पश्चिमेच्या डोंगरातील कोळसा फुचेंगमेनमधून येई, राजवाड्यासाठी झऱ्याचे पाणी शीझिमेनमधून, कालव्याने आलेले धान्य चाओयांगमेनमधून. सैन्य मोहिमेवर निघे ते देशेंगमेनमधून, कारण त्या नावातच विजयाचा अर्थ आहे. या वाटणीत दंतकथेचा अंश बराच असला तरी तीतून एक वास्तव कळते. शहराच्या प्रत्येक बाजूचा बाहेरच्या प्रदेशाशी असलेला व्यवहार एकाच कमानीतून चाले आणि रात्री ती कमान बंद होई. सार्वजनिक वाहतूक ही कल्पनाच या व्यवस्थेला परकी होती. श्रीमंतांसाठी पालखी व खेचरांची गाडी होती; इतरांनी पायी चालावे.

पहिली भगदाडे

तटाला पहिला धक्का रेल्वेने दिला, पण ती वाफेची रेल्वे होती. १९०० च्या बॉक्सर उठावानंतर परकीय फौजा शहरात असताना लोहमार्ग बहिर्नगराचा तट फोडून आत आणला गेला आणि अंतर्नगराच्या मुख्य दक्षिण वेशीपर्यंत, म्हणजे झेंगयांगमेनपर्यंत नेण्यात आला. ही वेस लोकांच्या तोंडी चियानमेन, म्हणजे पुढची वेस, या नावाने आहे. तिच्या शेजारी १९०६ मध्ये स्थानकाची इमारत उभी राहिली. परकीयांनी आपल्या सोयीसाठी पाडलेले हे भगदाड होते, हे लक्षात घेतले पाहिजे.

पुढचे बदल चिनी शासनाने स्वतः केले. प्रजासत्ताक स्थापन झाल्यावर गृहमंत्री झू चीचियान यांनी झेंगयांगमेनसमोरील गर्दीचा प्रश्न हाती घेतला. दोन रेल्वेस्थानके, बाजारपेठ आणि एकच अरुंद कमान यांमुळे तेथे कायम कोंडी होत असे. जून १९१५ मध्ये, राष्ट्राध्यक्ष युआन शिकाय यांनी दिलेल्या चांदीच्या कुदळीने, झू यांनी संरक्षक कोटाची पहिली वीट काढली. दोन्ही मनोरे राखून मधला कोट तेवढा पाडण्यात आला आणि वेशीच्या दोन्ही अंगांना नवे रस्ते काढले गेले. त्याच सुमारास शहराभोवती तटाला लागून एक वर्तुळाकार लोहमार्ग बांधण्यात आला. १९१६ च्या प्रारंभी तो सुरू झाला. त्यासाठी देशेंगमेन, आनदिंगमेन, दोंगझिमेन व चाओयांगमेन येथील संरक्षक कोट हटवावे लागले. जुन्या शहराभोवती वर्तुळात रेल्वे फिरवण्याची कल्पना ही अशी १९८० च्या दशकातील नसून तिच्याही सत्तर वर्षे आधीची आहे. फरक इतकाच, की त्या वेळी रेल्वेने वेशीपुढील कोट घेतला आणि वेस ठेवली.

१९२६ मध्ये तटात हेपिंगमेन ही नवी वाट पाडण्यात आली. जपानी अमलात पूर्व आणि पश्चिम बाजूंना आणखी दोन वाटा निघाल्या. १९४५ नंतर त्यांना जियांगुओमेन, म्हणजे राष्ट्रनिर्माणाची वेस, आणि फूशिंगमेन, म्हणजे पुनरुत्थानाची वेस, ही नावे मिळाली. नावे भारदस्त असली तरी या ठिकाणी जुन्या अर्थाची वेस व मनोरा कधीच नव्हता. तटात पाडलेली ती खिंडारे होती. आजच्या ११ 'मेन' स्थानकांतील ही तीन नावे वगळली की उरतात आठ.

ट्राम आणि हातरिक्षा

बीजिंगमधील पहिली खऱ्या अर्थाने सार्वजनिक वाहतूक म्हणजे डिसेंबर १९२४ मध्ये सुरू झालेली विजेवरची ट्राम. तियानचियाओपासून शीझिमेनपर्यंत तिचा पहिला मार्ग होता. चालक पायाने घंटा वाजवीत असे, त्या आवाजावरून लोकांनी तिला 'दांगदांग गाडी' हे नाव दिले. शांघायमध्ये ट्राम १९०८ मध्येच आली होती. राजधानीने सोळा वर्षे उशीर केला याची कारणे केवळ आर्थिक नव्हती. शहराच्या रस्त्यांवर तोवर एका मोठ्या वर्गाची उपजीविका उभी राहिली होती.

तो वर्ग हातरिक्षा ओढणाऱ्यांचा. जपानमधून आलेले हे वाहन विसाव्या शतकाच्या आरंभी बीजिंगमध्ये झपाट्याने पसरले. १९२० च्या दशकात शहरात सुमारे ६०,००० रिक्षा ओढणारे होते, आणि कामकरी वयाच्या दर सहा पुरुषांमागे एक जण रिक्षा ओढीत होता असा हिशेब इतिहासकारांनी मांडला आहे. लाओ शे यांच्या १९३६-३७ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या कादंबरीचा नायक श्यांगझी याच वर्गातला आहे. स्वतःच्या मालकीची एक रिक्षा एवढेच त्याचे स्वप्न, आणि तेही त्याला पुन्हा पुन्हा गमवावे लागते.

१९२८ मध्ये राजधानी नानजिंगला गेली आणि शहराचे नाव बदलून बेइपिंग झाले. अधिकारी, त्यांची कुटुंबे आणि त्यांच्यावर चालणारा व्यापार निघून गेला. भाडी मिळेनाशी झाली, त्याच वेळी ट्रामचे जाळे वाढत होते. २२ ऑक्टोबर १९२९ रोजी रिक्षा ओढणाऱ्यांच्या जमावांनी शहरभर ट्रामगाड्यांवर हल्ले केले. कंपनीच्या ताफ्यातील सुमारे ९० गाड्यांपैकी साठांच्या आसपास गाड्या निकामी झाल्या आणि सेवा कित्येक दिवस बंद राहिली. शेकडो रिक्षावाल्यांना शहराबाहेर घालवण्यात आले. या प्रसंगाकडे यंत्राविरुद्ध अडाण्यांचे बंड म्हणून पाहण्याची प्रवृत्ती असते. ती उथळ आहे. ट्रामचे भाडे परवडणारा प्रवासी हाच रिक्षावाल्याचा एकमेव ग्राहक होता, आणि शहराने त्याच्यासमोर दुसरा कोणताही रोजगार ठेवला नव्हता. सार्वजनिक वाहन 'सर्वांचे' असते या समजुतीला बीजिंगच्या इतिहासात मिळालेला हा पहिला छेद होय.

१९५० चा वाद

१९४९ नंतर बीजिंग पुन्हा राजधानी झाले. नव्या शासनाची कार्यालये कोठे असावीत हा प्रश्न लगेच पुढे आला. वास्तुविशारद लिआंग सिचेंग आणि नगररचनाकार चेन झान्शियांग यांनी १९५० मध्ये असा प्रस्ताव मांडला की नवे शासकीय केंद्र जुन्या शहराच्या पश्चिमेस, तटाबाहेर वसवावे. प्रस्ताव फेटाळला गेला. शासन जुन्या शहराच्या मध्यभागीच राहिले. वाहतुकीच्या दृष्टीने पाहता पुढचा सारा इतिहास या एका निर्णयाच्या पोटात आहे. राजवाड्याभोवतीच्या रस्त्यांवर मंत्रालये, कारखान्यांची कार्यालये आणि वसाहती एकवटल्या की तटातील कमानी अपुऱ्या पडणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

तटाविषयी लिआंग यांनी त्याच वर्षी स्वतंत्र लेख लिहिला. तटाच्या माथ्यावर दहा मीटरांहून अधिक रुंदीची जागा होती. तेथे झाडे लावून शहराभोवती फिरणारे एक उंचावरचे उद्यान करावे, आणि वाहतुकीसाठी लागतील तेथे नव्या कमानी काढाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचा व्यवहारी युक्तिवाद विशेष लक्षणीय आहे. तटातील माती व विटा यांचे वजन त्यांनी सुमारे १ कोटी १० लाख टन धरले आणि प्रत्येकी १८ टनांच्या वीस वाघिणींची एक गाडी रोज भरून नेली तर ते हलवायला ८३ वर्षे लागतील असा हिशेब मांडला. गणित बरोबर होते. मात्र एका गोष्टीचा अंदाज त्यात नव्हता : हे काम रेल्वेगाडीने नव्हे, तर लाखो हातांनी होणार होते.

विरुद्ध बाजूची भाषाही वाहतुकीचीच होती. १९५२ मध्ये तियानआनमेनसमोरच्या रस्त्यावरील डाव्या-उजव्या दोन कमानी वाहतुकीस व संचलनास अडथळा म्हणून काढल्या गेल्या. रस्त्यांवरील लाकडी तोरणकमानी १९५४ च्या सुमारास गेल्या. चाओयांगमेनचे दोन्ही मनोरे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात पाडले गेले. बहिर्नगराची दक्षिणेकडील मुख्य वेस योंगदिंगमेन १९५७ मध्ये नाहीशी झाली. आज तेथे दिसते ती २००४ मध्ये बांधलेली नवी इमारत होय. दशक संपता संपता बहिर्नगराचा तट जवळपास संपला होता आणि अंतर्नगराच्या तटाचाही मोठा भाग ढासळला होता. देशेंगमेनचा मुख्य मनोरा तर त्याआधीच, १९२१ मध्ये, मोडकळीस आला म्हणून उतरवला गेला होता. या तारखा एकत्र ठेवल्या म्हणजे भुयारी रेल्वेने तट गिळला हे विधान अर्धेच खरे ठरते. तटाला शिक्षा आधीच झाली होती. रेल्वेने ती अमलात आणली.

युद्धासाठी रेल्वे

बीजिंगमध्ये भुयारी रेल्वे असावी हा विचार १९५३ च्या नगररचना आराखड्यात प्रथम आला. त्या वर्षी शहरात खासगी मोटारी नगण्य होत्या. बस, ट्राम आणि सायकल यांवर शहर चालत होते. रस्त्यांवरची कोंडी सोडवण्यासाठी भुयारात जाण्याची निकड नव्हती. प्रेरणा वेगळी होती. दुसऱ्या महायुद्धात मॉस्कोच्या भुयारी स्थानकांनी नागरिकांना व लष्करी यंत्रणेला दिलेला आसरा चिनी नेतृत्वाच्या डोळ्यांसमोर होता, आणि कोरियातील युद्ध नुकतेच थांबले होते. राजधानीखालची रेल्वे ही प्रथम संरक्षणव्यवस्था आणि मग वाहतुकीचे साधन, हा क्रम योजनेच्या कागदपत्रांत उघडपणे मांडला गेला आहे.

१९५६ मध्ये सोव्हिएत तज्ज्ञ आले. बोगदा खोल न्यावा की उथळ, यावर बराच खल झाला. बाँबपासून संरक्षण हवे तर खोल बोगदा उत्तम. परंतु बीजिंगच्या भूस्तरात तो अतिशय खर्चिक व अवघड ठरत होता. १९६० मध्ये सोव्हिएत संघाने आपले तज्ज्ञ परत बोलावले, देशात दुष्काळ व अन्नटंचाई होती, आणि १९६१ मध्ये काम थांबवण्यात आले. या टंचाईच्या काळात इंधनाअभावी बीजिंगच्या बस टपावर गॅसच्या भल्यामोठ्या पिशव्या बांधून धावत. पुढे दाचिंगच्या तेलक्षेत्रात नाव कमावलेले कामगार वांग जिन्शी यांनी १९५९ मध्ये राजधानीत या बस पाहिल्या आणि देशाला तेल नाही याची त्यांना लाज वाटली, ही कथा चीनमध्ये शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. शहराच्या पृष्ठभागावरची वाहतूक अशा अवस्थेत असताना भुयारातील योजना मात्र गुंडाळली गेली नाही. तिचे आराखडे जपून ठेवले गेले.

१९६५ मध्ये योजना पुन्हा हाती घेण्यात आली. तिच्या नेतृत्वगटाचे प्रमुख होते बीजिंग लष्करी विभागाचे सेनापती यांग योंग. उपमहापौर वान ली हे उपप्रमुख होते. सेनापती वर आणि महापालिका खाली, ही मांडणीच पुरेशी बोलकी आहे. फेब्रुवारीत माओ त्से-तुंग यांनी योजनेला मंजुरी दिली; काळजीपूर्वक आखा, काळजीपूर्वक बांधा, चुका होतील त्या सुधारत चला, अशा आशयाचा शेरा त्यांनी मारला. १ जुलै १९६५ रोजी काम सुरू झाले. बांधकामाची मुख्य जबाबदारी मुक्तिसेनेच्या रेल्वे दलाकडे होती.

खोल बोगद्याचा विचार सोडून उथळ बोगदा स्वीकारण्यात आला होता, आणि येथेच तटाचे भवितव्य ठरले. उथळ बोगदा म्हणजे वरून रुंद चर खणायचा, त्यात काँक्रीटची पेटी बांधायची आणि पुन्हा माती लोटायची. दाट वस्तीच्या रस्त्याखालून असे काम करायचे तर हजारो घरे पाडावी लागली असती. तट आणि खंदक यांचा पट्टा मात्र मोकळा होता, रुंद होता आणि शासनाच्या मालकीचा होता. तेथे कोणाचे घर उठवावे लागत नव्हते, आणि तट काढण्याचे धोरण तर आधीपासून होतेच. अभियंत्याच्या दृष्टीने याहून सोयीची जागा संपूर्ण शहरात नव्हती. या निर्णयात वेडाचार नव्हता, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. लिआंग यांचा १९५० मधील प्रस्ताव स्वीकारला गेला असता तर कदाचित हा पेचच उद्भवला नसता. तो नाकारल्यावर वस्ती की तट अशी निवड शिल्लक राहिली आणि ती वस्तीच्या बाजूने झाली.

पहिल्या टप्प्यात अंतर्नगराच्या दक्षिण तटाची पाळी आली. श्युआनवूमेन १९६५ मध्ये, चोंगवेनमेन १९६६ मध्ये उतरवली गेली. समोरचा खंदक झाकून त्याचे बंदिस्त नाल्यात रूपांतर करण्यात आले. बीजिंग रेल्वेस्थानकापासून पश्चिमेच्या डोंगरांच्या दिशेने जाणारा हा मार्ग १ ऑक्टोबर १९६९ रोजी, प्रजासत्ताकाच्या विसाव्या वर्धापनदिनी, पूर्ण झाल्याचे जाहीर झाले.

शीझिमेनच्या पोटातील वेस

त्याच वर्षी, वर्तुळमार्गाच्या पुढच्या टप्प्याची तयारी म्हणून, वायव्येकडील शीझिमेन पाडण्याचे काम सुरू झाले. तिचा संरक्षक कोट १९१५ मधील पाडापाडीतून वाचला होता, आणि म्हणून नऊ वेशींपैकी तीच सर्वांत अखंड उरली होती. कामगार बाणमनोऱ्याखालची भिंत उकलत असताना आत दुसरीच एक कमान सापडली. ती युआन राजवटीच्या काळातील हेयीमेन या वेशीच्या संरक्षक कोटाची होती. आतल्या लेखावरून तिचा काळ १३५८ असा निश्चित झाला. युआन राजवट मोडकळीस आली असताना शहराच्या रक्षणासाठी घाईने बांधलेली ही कमान मिंग कारागिरांनी पाडली नव्हती. तिच्याभोवतीच नवी भिंत रचली होती. पाचशे वर्षांहून अधिक काळ ती विटांच्या आत उभी होती.

पुरातत्त्व विभागाने मोजमापे व छायाचित्रे घेतली आणि नंतर ती कमान पाडण्यात आली. तो सांस्कृतिक क्रांतीचा काळ होता. त्याच मार्चमध्ये उसुरी नदीवर चिनी व सोव्हिएत सैन्यांची चकमक झाली होती. शहरभर नागरिक हवाई हल्ल्यापासून बचावासाठी भुयारे खणीत होते आणि त्यांना विटा हव्या होत्या. तटाच्या विटा खांद्यावरून, हातगाड्यांवरून, तीनचाकी सायकलींवरून वाहून नेल्या गेल्या. लिआंग यांच्या हिशेबातील ८३ वर्षे या मार्गाने काही थोड्या वर्षांत आटोपली. बीजिंगच्या तटाची आधी रेल्वेला जागा आणि मग भुयारांना वीट, अशी दुहेरी वासलात लागली. शत्रूपासून रक्षण करण्यासाठी बांधलेली वास्तू शत्रूपासून रक्षण करण्यासाठीच पाडली गेली. लिआंग १९७२ मध्ये निवर्तले तेव्हा त्यांच्या उद्यानाची जागा खणलेल्या मातीचा ढीग झाली होती.

काही गोष्टी वाचल्या, आणि त्या कशा वाचल्या हे पाहण्यासारखे आहे. जियांगुओमेनजवळ तटावरच उभी असलेली जुनी वेधशाळा रेल्वेच्या आखणीत येत होती. खगोल-इतिहासाच्या अभ्यासकांनी तिचे महत्त्व कळवल्यावर पंतप्रधान चौ एन-लाय यांच्या आदेशाने १९६८ मध्ये आखणी बदलण्यात आली व बोगद्याला वळसा दिला गेला. म्हणजे वळसा शक्य होता. झेंगयांगमेनचे दोन्ही मनोरे राहिले, आग्नेय कोपऱ्याचा बुरूज राहिला, आणि देशेंगमेनचा बाणमनोरा राहिला. तंत्रज्ञानाने तट पाडणे अपरिहार्य केले होते असे म्हणणाऱ्यांना वेधशाळेजवळचा तो वळसा उत्तर देतो.

प्रवाशाचा प्रवेश

मार्ग तयार झाला, पण प्रवासी नव्हता. नोव्हेंबर १९६९ मध्ये विद्युत बिघाडामुळे गाडीला आग लागून जीवितहानी झाली आणि रेल्वेचे नियंत्रण लष्कराकडे सोपवण्यात आले. १५ जानेवारी १९७१ रोजी बीजिंग रेल्वेस्थानक ते गोंगझूफेन या दहा स्थानकांच्या पट्ट्यात वाहतूक सुरू झाली, तीही चाचणी म्हणून. तिकीट एक जियाओ, म्हणजे युआनचा दहावा हिस्सा. परंतु केवळ पैसे देऊन तिकीट मिळत नसे. आपल्या कामाच्या ठिकाणचे परिचयपत्र खिडकीवर दाखवावे लागे. कारखाना वा कार्यालय ज्याच्या पाठीशी नाही, त्याला भुयाराचे दार बंद. पहिल्या वर्षी सुमारे ८२ लाख ८० हजार प्रवासी या मार्गाने गेले. १९८० पर्यंत हा आकडा वर्षाला ५ कोटी ५२ लाखांवर पोहोचला. मार्ग तोवर पिंगग्वोयुआनपर्यंत, २३.६ किलोमीटर व १७ स्थानके इतका वाढला होता. सर्वसामान्यांसाठी ही रेल्वे अधिकृतपणे खुली झाली ती १५ सप्टेंबर १९८१ रोजी. बांधकाम पूर्ण झाल्यापासून बारा वर्षे.

जुन्या वेशी रात्री बंद होत आणि सकाळी उघडत; आत येणाऱ्याकडे जकात मागितली जाई, ओळख क्वचित. नव्या स्थानकांनी दहा वर्षे ओळख मागितली. ही तुलना कठोर वाटली तरी ती टाळता येत नाही.

या काळात बीजिंगचा सामान्य माणूस सायकलवर होता. १९८६ च्या सर्वेक्षणात, पायी प्रवास वगळता, एकूण प्रवासांपैकी साठ टक्क्यांहून अधिक प्रवास सायकलने होत असल्याचे आढळले. शहरातली ट्राम १९६६ पर्यंत पूर्ण बंद झाली होती. तिची जागा १९५७ पासून ट्रॉलीबसने घेतली होती.

तटाखालच्या उरलेल्या पट्ट्याचे काम १९७१ मध्ये सुरू झाले आणि १९८४ मध्ये घोड्याच्या नालेच्या आकाराचा १६.१ किलोमीटरचा मार्ग खुला झाला. तरीही वर्तुळ पूर्ण नव्हते. दक्षिणेची बाजू पहिल्या मार्गाचा भाग होती. २८ डिसेंबर १९८७ रोजी मार्गांची फेरमांडणी करून दक्षिणेचा पट्टा नालेला जोडण्यात आला आणि २३ किलोमीटरचा वर्तुळमार्ग सुरू झाला. अंतर्नगराच्या तटाचा घेर सुमारे २४ किलोमीटर होता, हे येथे पुन्हा आठवावे. वर, जमिनीवर, त्याच रेषेवरून जाणारा दुसऱ्या क्रमांकाचा वर्तुळ-रस्ता १९९२ मध्ये पूर्ण झाला.

यानंतरचा विस्तार प्रचंड आहे, पण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तो थोडक्यात सांगता येईल. २००८ च्या ऑलिंपिकच्या तयारीत नवे मार्ग आले. ७ ऑक्टोबर २००७ पासून कितीही अंतरासाठी दोन युआन असे एकच भाडे ठरवण्यात आले, आणि ते २८ डिसेंबर २०१४ रोजी अंतरानुसार भाडे लागू होईपर्यंत टिकले. या सात वर्षांत शहराच्या दूरच्या टोकाला स्वस्त खोली घेऊन राहणारा कष्टकरी आणि मध्यभागी राहणारा अधिकारी एकाच दराने प्रवास करीत होते. वार्षिक प्रवासीसंख्या ३०० कोटींच्या पुढे गेली. भाडेवाढीला गर्दी व तोटा ही कारणे देण्यात आली आणि ती खोटी नव्हती. परंतु दूर राहणाऱ्यावरच तिचा भार पडला, हेही तितकेच खरे. जाळ्याची लांबी आता ८०० किलोमीटर ओलांडून गेली आहे.

तटाचा सुमारे दीड किलोमीटरचा तुकडा आग्नेय बुरुजालगत झोपड्या व गोदामे यांच्या आड उभा राहिला होता. त्याच्या दुरुस्तीसाठी १९९६ मध्ये नागरिकांना जुन्या विटा परत करण्याचे आवाहन करण्यात आले. अंगणातील ओट्यांतून, कोंबड्यांच्या खुराड्यांतून, कोळशाच्या कोठीतून लोकांनी विटा काढून आणल्या. १९६९ मध्ये ज्या हातगाड्यांवरून त्या गेल्या होत्या, तशाच हातगाड्यांवरून काही परत आल्या. २००२ मध्ये तेथे उद्यान झाले. लिआंग यांच्या कल्पनेतील उद्यान तटाच्या माथ्यावर होते. हे तटाच्या पायथ्याशी आहे.

अंतर्नगराच्या नऊ वेशींपैकी आठ वेशींच्या नावांची स्थानके वर्तुळमार्गावर आहेत. त्यांपैकी मनोरे उरले आहेत ते फक्त चियानमेन येथे. नववी वेस देशेंगमेन. तिचा बाणमनोरा उत्तरेच्या रस्त्यालगत अजून उभा आहे आणि त्याच्या पायथ्याशी बसथांबे आहेत. वर्तुळमार्गावर देशेंगमेन नावाचे स्थानक नाही. त्या मनोऱ्याकडे जाऊ इच्छिणाऱ्याला जीशुइतान येथे उतरून चालत जावे लागते.